वाचन-अध्यापनातील मूलभूत संकल्पना : मराठी लिपीच्या संदर्भात

'मुलाला वाचता येते' हे विधान प्राथमिक शिक्षणाच्या चर्चेत सर्रास केले जाते. त्यात किमान दोन भिन्न क्षमता एकत्र झालेल्या असतात. फिलिप गफ व विल्यम टनमर यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार वाचन म्हणजे लिपीची उकल (डिकोडिंग) व भाषेचे श्रवण-आकलन यांचा गुणाकार होय. येथे बेरीज नव्हे, गुणाकार अभिप्रेत आहे. दोहोंपैकी एक शून्य असल्यास फलितही शून्यच राहते.

उकलीच्या आधी 'ध्वनिजाणीव' येते. बोललेल्या शब्दातील ध्वनी वेगळे करता येणे, असा तिचा अर्थ. 'पाटी'तून 'पा' काढल्यास काय उरते, हे अक्षर न दाखवताही विचारता येते. अध्यापक-प्रशिक्षणात ही संकल्पना अक्षरओळखीत मिसळली जाते, ते योग्य नव्हे. इंग्रजीच्या संदर्भात भर सुट्या ध्वनींवर असतो. देवनागरीत मात्र व्यंजन व स्वर मिळून बनणारे 'अक्षर' हे एकक आहे. सोनाली नाग यांच्या कन्नड वाचनावरील २००७ मधील अभ्यासात अक्षरज्ञान पूर्ण होण्यास इंग्रजीच्या मानाने बराच अधिक काळ लागतो आणि सुट्या ध्वनींची जाणीव सावकाश येते, असे दिसून आले. त्यामुळे पहिलीच्या अखेरीस संपूर्ण बाराखडीची अपेक्षा धरणे कितपत रास्त, हा प्रश्न मराठीबाबतही उपस्थित होतो.

मराठी लेखन उच्चारानुसारी आहे, हा समज अर्धाच खरा आहे. 'किरण' लिहिताना वेलांटी 'क'च्या आधी दिसते, ऐकू मात्र नंतर येते. 'करवत' या शब्दात चार अक्षरे दिसतात, पण उच्चार 'कर्-वत्' असा होतो. क, र, व, त असे सुटे म्हणणाऱ्या मुलाला शब्द सापडेलच असे नाही. 'र' तर सूर्य, प्रकाश, राष्ट्र व वाऱ्यावर या शब्दांत निरनिराळी रूपे घेतो. 'आचार्यांना' व 'आचाऱ्यांना' यांतील फरक प्रौढांच्याही नजरेतून सुटतो! 'जग' या शब्दाचे दुनिया व 'जगणे'चे आज्ञार्थी रूप असे दोन अर्थ असून 'ज'चा उच्चार दोहोंत वेगळा आहे. म्हणजे येथे अर्थ कळल्याशिवाय उच्चारही निश्चित होत नाही.

'ओघ' म्हणजे केवळ वेग नव्हे. अचूकता, सहजता व योग्य विराम यांचा त्यात समावेश होतो. उकलीवर सारे लक्ष खर्ची पडले, तर वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत आरंभ विसरला जातो.

सूत्रातील दुसऱ्या घटकाकडे महाराष्ट्रात विशेष लक्ष देण्याची गरज आहे. मेळघाटातील कोरकू ही ऑस्ट्रोआशियाई कुळातील भाषा आहे, मराठीची बोली नव्हे. कोरकूभाषक मूल बाराखडी अचूक शिकूनही मराठी उताऱ्यात अडखळत असेल, तर त्याला पुन्हा बाराखडीच गिरवायला लावणे हा निदानाचाच दोष ठरतो. २००५ पासूनच्या 'असर' सर्वेक्षणात अक्षर, शब्द, परिच्छेद व गोष्ट असे स्तर ठेवून प्रत्येक मुलाकडून प्रकट वाचन करून घेतले जाते. ही पद्धती उपयुक्त असली, तरी तिने मुख्यतः उकल व ओघ यांचे मापन होते. वरील मुलाची अडचण ओळखण्यासाठी तोच उतारा शिक्षकाने मोठ्याने वाचून दाखवावा व त्यावर तोंडी प्रश्न विचारावेत. उत्तरे आली, तर अडचण लिपीची. न आल्यास भाषेची.