कुत्रा परदेशी न्यायचाय? आधी कॅलेंडर काढा

या भागाचं लेखी रूप बऱ्याच जणांनी मागितलं, कारण यात तारखांची मोजणी आहे आणि ती ऐकता ऐकता डोक्यात राहत नाही. म्हणून बोललो तसंच, थोडं नीट लावून देतोय.

आपल्या भागातून दोन प्रश्न आले होते. पहिला रोह्याच्या एका काकांचा. मुलगा धाटावच्या कंपनीत होता, आता नेदरलँड्सला नोकरी लागली, १ सप्टेंबरला हजर व्हायचंय. घरी चार वर्षांचा गावठी कुत्रा आहे. त्याला बरोबर नेता येईल का? दुसरा पेणच्या एका काकूंचा. मुलगी दोन वर्षांपूर्वी कुत्रा घेऊन जर्मनीला गेली, आता आयर्लंडला चालली आहे. "परत ते रक्त काढणं, तीन महिने थांबणं, सगळं आलं का?"

दोन्ही प्रश्न एकसारखे वाटतात, पण उत्तरं अगदी वेगळी आहेत. भारतातून युरोपात शिरणं हे अवघड काम. युरोपीय संघात एकदा शिरल्यावर एका देशातून दुसऱ्यात जाणं त्या मानाने खूप सोपं.

भारतातून जाताना एवढा वेळ का लागतो?

एका शब्दात सांगायचं तर रेबीज. आपल्याकडे तो आहे, पश्चिम युरोपातल्या बहुतेक देशांनी तो कुत्र्यांमधून घालवलाय. त्यामुळे भारतातून येणाऱ्या कुत्र्या-मांजरांना नुसतं लसीचं कार्ड चालत नाही. लस अंगी लागली आहे हे रक्त तपासून दाखवावं लागतं.

आणि इथे क्रम महत्त्वाचा. बघा:

पहिली मायक्रोचिप. तांदळाच्या दाण्याएवढी असते, मानेजवळ कातडीखाली सुईने बसवतात. १५ आकडी नंबर असलेली, आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांची हवी. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात ती असेलच असं नाही, आधी फोन करून विचारा.

दुसरी रेबीजची लस, चिप बसवल्यानंतर किंवा त्याच दिवशी. चिपच्या आधी टोचलेली लस धरत नाहीत, कारण ती याच कुत्र्याला टोचली याचा पुरावा नसतो. म्हणजे काकांच्या कुत्र्याला दरवर्षी लस दिली असली, तरी चिप नसेल तर मोजणी पहिल्यापासून.

तिसरं रक्त. लसीनंतर किमान ३० दिवसांनी काढायचं, आणि युरोपीय संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेतच तपासायचं. प्रतिपिंडांचं प्रमाण दर मिलिलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय युनिट यायला हवं.

चौथं थांबणं. रक्त काढल्या तारखेपासून ३ महिने. रिपोर्ट आल्यापासून नव्हे, रक्त काढल्यापासून.

आता काकांचं गणित मांडू. १ जूनला चिप आणि लस झाली असं धरा. रक्त लवकरात लवकर १ जुलैला. तीन महिने म्हणजे १ ऑक्टोबर. मुलगा १ सप्टेंबरला हजर होणार, म्हणजे कुत्रा त्याच्याबरोबर जाऊ शकत नाही. ओळख, वशिला, जास्तीचे पैसे, कशानेही हे तीन महिने कमी होत नाहीत. पिल्लू असेल तर आणखी उशीर, कारण १२ आठवड्यांच्या आत दिलेली लस धरतच नाहीत. म्हणजे पिल्लू सात महिन्यांचं होईपर्यंत निघणं नाही.

पेणचे गणपती कारखानदार परदेशी मूर्ती पाठवताना काय करतात? चतुर्थीच्या तारखेवरून मागे मोजत येतात आणि काही महिने आधीच माल बोटीवर चढवतात. इथेही तसंच. तिकिटाच्या तारखेवरून मागे मोजा. सहा महिने हाताशी ठेवा.

मग कुत्र्याला न्यायचं कोणी?

काकांनी लगेच विचारलं, "आम्ही दोघं डिसेंबरात जाणारच आहोत, आम्ही घेऊन जाऊ?" इथे एक अडचण आहे. मालकाने लिहून दिलेला माणूस कुत्रा नेऊ शकतो, पण तो प्रवास मालकाच्या स्वतःच्या प्रवासाच्या पाच दिवस आगेमागे व्हायला हवा. त्याहून जास्त अंतर पडलं तर तो घरगुती प्रवास धरत नाहीत, व्यापारी मालाचे नियम लागतात आणि कागद वाढतात. त्यामुळे मुलाने दिवाळीला सुट्टी काढून यावं आणि परतताना कुत्रा न्यावा, हे सरळ.

तोवर कुत्रा आजी-आजोबांकडे. त्या काळात एक गोष्ट विसरायची नाही: लसीचा पुढचा डोस मुदतीच्या आत द्यायचा. एक दिवस जरी चुकला तरी रक्ततपासणी बाद, सगळं पुन्हा.

निघायच्या आधीच्या काही दिवसांत मुंबईच्या केंद्रीय पशू संगरोध कार्यालयाकडून आरोग्य प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ते दिल्यापासून १० दिवसांत युरोपात पोचायचं. विमानात साधारण ८ किलोपर्यंतचं जनावर, पिशवीसकट, केबिनमध्ये घेतात. गावठी कुत्रा त्यात बसत नाही. त्याला पेटीतून, सामानाच्या भागातून जावं लागतं. पेटीत त्याला उभं राहता, वळता, आडवं होता आलं पाहिजे. ती पेटी दोन महिने आधी घरात आणून ठेवा, त्यातच जेवण द्या. गुंगीचं औषध देऊ नका, हवेत ते धोक्याचं ठरतं. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना बऱ्याच कंपन्या घेतच नाहीत.

गावठी आहे म्हणून मात्र काही अडत नाही. वंशावळीचा कागद कोणी मागत नाही.

एकदा आत गेल्यावर

आता काकूंचं उत्तर. नाही, रक्त परत काढायचं नाही, थांबायचंही नाही. मुलीने जर्मनीतल्या पशुवैद्याकडून कुत्र्याचा युरोपीय पासपोर्ट करून घेतला असेल, तर चिप, पासपोर्ट आणि चालू असलेली रेबीजची लस एवढ्यावर संघातल्या कुठल्याही देशात जाता येतं.

आयर्लंड, फिनलंड, माल्टा आणि संघाबाहेरचा नॉर्वे इथे कुत्र्याला एक गोष्ट जास्तीची लागते: टेपवर्मचं, म्हणजे पोटातल्या चपट्या जंतांचं औषध. ते पशुवैद्यानेच द्यायचं आणि वेळेसकट पासपोर्टात लिहायचं. पोचण्याच्या आधी २४ ते १२० तासांत. बोट शनिवारी संध्याकाळी सहाला आयर्लंडला लागणार असेल, तर सोमवारी संध्याकाळी सहा ते शुक्रवारी संध्याकाळी सहा या वेळेत. फ्रान्समधून आयर्लंडला थेट बोटी आहेत. ब्रिटनमधून गाडीने जायचं तर ब्रिटनचेही नियम पाळावे लागतात. ब्रिटन संघाबाहेर पडल्यामुळे १ जानेवारी २०२१ पासून तिथे निघालेला पासपोर्ट युरोपात चालत नाही.

जर्मनी सोडताना नगरपालिकेत कुत्र्याचं नाव कमी करायला सांगा, नाहीतर कुत्र्यावरचा कर चालूच राहतो. आयर्लंडमध्ये कुत्र्याचं लायसन्स काढावं लागतं.

आणि काकूंना खास सांगणं. मुलगी कधी कुत्र्याला घेऊन गणपतीला पेणला येणार असेल, तर निघण्याआधी युरोपातच रक्ततपासणी करून पासपोर्टात नोंद करून घ्यायची, आणि लसही चालू ठेवायची. तशी नोंद असली की परतताना तीन महिने थांबावं लागत नाही. नसेल तर तीन आठवड्यांसाठी आलेला कुत्रा चार महिने पेणला अडकतो.

कागद चुकले तर?

कुत्र्याला परत पाठवतात किंवा मालकाच्या खर्चाने वेगळं ठेवतात. दोन्ही जमलं नाही तर शेवटचा उपाय म्हणून जीव घेण्याची तरतूदही कायद्यात आहे. म्हणून नियम, बंदी असलेल्या जाती, सगळं तिकीट काढण्याआधी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर वाचा. ते बदलत असतात.

जाता जाता: पिंजऱ्यातला पोपट नेता येईल का, असंही एकाने विचारलंय. आपला देशी पोपट १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली येतो. नेणं सोडा, पाळणंच बेकायदा आहे.

आणि कुत्रा म्हातारा असेल, हृदयाचा त्रास असेल, तर पशुवैद्याला आधी स्पष्ट विचारा की हा प्रवास त्याला झेपेल का. नाही म्हणाले तर त्याला अंगणात, ओळखीच्या माणसांत ठेवणं हेही प्रेमच. पण मग त्याचं खाणं, लस, दवाखाना कोण बघणार, हे निघण्याआधी ठरवा.

तुमच्या तारखा लिहून पाठवा, पुढच्या भागात मोजून देतो. भेटू.