‘डबा’ म्हणू नका त्याला!

विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ म्हणते, तुमचं मशीन चालणार नाही. मग गावच्या घरी ठेवलेल्या त्या जुन्या लॅपटॉपचं करायचं काय?

इंजिनीअरिंगला ॲडमिशन मिळाली तेव्हा बाबांनी घेऊन दिलेला लॅपटॉप आठवतोय? जाडजूड, पाठीला ओझं आणि दीड तासात मान टाकणारी बॅटरी! पुढे नोकरी लागली, कंपनीने चकाचक मशीन हातात ठेवलं आणि जुन्या गड्याची गावी रवानगी झाली. पुण्या-नागपुरात नोकरी करणाऱ्या कितीतरी वैदर्भीय पोरापोरींच्या घरी असा एक पेन्शनर असतो. अर्थात पेन्शनर म्हणायचं ते आपण. तिकडे त्याची ड्यूटी चालूच असते.

आमच्या मूलचंच घ्या. चंद्रपूरहून गडचिरोलीकडे जाताना लागणारं हे तालुक्याचं गाव. धानाचा पट्टा, राइस मिल, एका अंगाला ताडोबाचं बफर जंगल. इथल्या एखाद्या घरात तो लॅपटॉप काय काय करतो? धाकट्या बहिणीचा महाडीबीटीवरचा स्कॉलरशिपचा फॉर्म, भावाचे भरतीचे अर्ज, शेतीचा सातबारा, बाबांचं नेट बँकिंग. म्हणजे घरातली सगळ्यात नाजूक माहिती घरातल्या सगळ्यात जुन्या मशीनवर! आणि त्यावर असते विंडोज १०, जिचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला.

चालून राहिला ना!

हे घरी सांगून बघा. एखादे काका हमखास म्हणतील, ‘चालून राहिला ना बाप्पा, मग कायले बदलवता?’ काकांचं अर्धं बरोबर आहे. सपोर्ट संपला म्हणून मशीन बंद पडत नाही. फक्त विंडोजमध्ये नवीन भोक सापडलं तर ते बुजवणारा पॅच घरी येत नाही. भोक मात्र चोराला कळलेलं असतं.

मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभर धुमाकूळ घातला होता. फायली कुलूपबंद करायच्या आणि खंडणी मागायची हा त्याचा फंडा. ब्रिटनची सरकारी हॉस्पिटलं अडकली, आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांचे काही कॉम्प्युटर्सही. गंमत अशी, की हे भोक बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच, मार्चमध्ये दिला होता. ज्यांनी तो टाकला नव्हता किंवा ज्यांच्या जुन्या विंडोजला तो आलाच नव्हता, ते सापडले.

अडतं कुठे?

‘मग टाका की विंडोज ११’, असं म्हणाल. इथेच तर घोडं पेंड खातं. ५ ऑक्टोबर २०२१ ला आलेल्या या विंडोजच्या अटी कडक आहेत. टीपीएम २.० नावाची सिक्युरिटी चिप हवी, सिक्युअर बूट हवं आणि प्रोसेसर साधारण इंटेलच्या आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ च्या सुमाराचा किंवा त्यानंतरचा. २०१३-१४ चा आपला आय-थ्री इथे दारातच अडतो. रॅम ४ जीबी, डिस्क ६४ जीबी या बाकीच्या अटी तो पुऱ्या करतो, तरीही.

मागच्या दाराने

आता, दार आहे म्हणजे मागचं दारही आहेच. रूफस नावाचा एक छोटा फुकट प्रोग्रॅम विंडोज ११ चा असा पेनड्राइव्ह बनवून देतो, की इन्स्टॉल करताना टीपीएमची चौकशीच होत नाही. सुरुवातीला खुद्द मायक्रोसॉफ्टनेच रजिस्ट्रीतली एक पळवाट आपल्या साइटवर दिली होती. पुढे ती काढून टाकली.

आणि खरं सांगायचं तर हे चालतं. बऱ्याच जुन्या मशीनवर विंडोज ११ व्यवस्थित सुरू होते. मग पेढे वाटायचे? जरा थांबा. अशा मशीनला अपडेट मिळण्याचा हक्क नाही, असं कंपनी स्पष्ट सांगते. दर महिन्याचे पॅच सहसा येतात, पण वर्षातून एकदा येणारी मोठी आवृत्ती आपोआप येत नाही. ती पुन्हा पेनड्राइव्ह बनवून हाताने चढवावी लागते. आणि कोअर टू ड्युओच्या जमान्यातलं मशीन असेल तर विसराच. २०२४ ची २४एच२ आवृत्ती ज्या सूचना प्रोसेसरकडून मागते, त्या त्याच्याकडे नाहीतच. तिथे कुठलीच युक्ती चालत नाही.

थोडक्यात, हा मार्ग धरला की सपोर्ट डिपार्टमेंट तुम्हीच. स्वतःच्या टेबलावरच्या मशीनसाठी ठीक आहे, वीकेंडचा टाइमपास होईल. पण मशीन मूलला आणि तुम्ही हिंजवडीत! नागपूर किंवा चंद्रपूर गाठायचं आणि पुढे पुन्हा बस. स्कॉलरशिपच्या शेवटच्या तारखेला स्क्रीन निळी झाली तर फोनवरून बहिणीला काय सांगणार?

(मॅकवाल्यांनो, तुमचंही तेच. ओपनकोअर लेगसी पॅचरने ॲपलने वाऱ्यावर सोडलेल्या जुन्या मॅकवर नवी सिस्टिम चढते. पण २०२५ ची टाहो ही इंटेल मॅकसाठीची शेवटची आवृत्ती असल्याचं ॲपलनेच सांगितलंय.)

मिंटचा थंडावा

दूर राहणाऱ्यांसाठी त्यापेक्षा बरा पर्याय म्हणजे लिनक्स मिंट. एकदम फुकट, दिसायला विंडोजसारखंच, तोच खाली डावीकडचा मेनू. किमान २ जीबी रॅम लागते, ४ असेल तर सुखाने चालतं. २२ व्या आवृत्तीला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. इथे कुठल्याही अटीला चकवा दिलेला नसतो, त्यामुळे अपडेट अडण्याची धाकधूक नाही. मराठीसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड आतच मिळतो. ‘आपल्या लोकांना जमेल का?’ हा प्रश्न असेल तर केरळकडे बघा. तिथल्या सरकारी शाळांतली पोरं कित्येक वर्षं लिनक्सवरच कॉम्प्युटर शिकतायत.

पण सगळीकडे मिंट लावून चालणार नाही. घरात टॅलीवर हिशेब होत असेल, कुणी आयएसएम किंवा श्रीलिपीवर टायपिंग करत असेल, अंगठ्याचं मशीन किंवा डिजिटल सहीचं टोकन लागत असेल, तर आधी चौकशी करा. यातलं बरंचसं विंडोज धरूनच बनलेलं आहे. अशांसाठी विंडोज १० चे जादा सिक्युरिटी अपडेट मायक्रोसॉफ्टने जाहीर केले, घरगुती मशीनसाठी मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. सेटिंग्ज मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडल्या तर त्याचे पैसेही मागितले नाहीत. अर्थात हा नुसता वाढवून दिलेला वेळ. त्यानंतर तरी त्या कामापुरतं नवं मशीन घ्यावंच लागतं.

सुटीत घरी जाताय? एवढं करा!

१. आधी बॅकअप. आईबाबांचे फोटो, मार्कशीट, जातीचा दाखला, सगळं वेगळ्या डिस्कवर. मग बाकीचं.

२. मिंट आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघा. इन्स्टॉल न करताही चालतं. वायफाय, प्रिंटर, आवाज तपासा. नाही पटलं तर पेनड्राइव्ह काढा, विंडोज जागेवरच.

३. जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा. मशीन रडतं ते बहुतेक वेळा तिच्यामुळे. नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या छोट्याशा हिश्शात काम होतं.

४. पंखा उघडून साफ करा, थर्मल पेस्ट बदला. चंद्रपूरकडचा मे महिना म्हणजे पारा ४५ च्या पुढे. त्यात धूळ साचलेला पंखा म्हणजे मरणच. बॅटरी फुगली असेल तर लगेच काढून टाका.

५. निदान दोन दिवस हाताशी ठेवा. पहिल्या दिवशी इन्स्टॉल. दुसऱ्या दिवशी तुम्ही फक्त शेजारी बसा आणि फॉर्म बहिणीला भरू द्या, बँकेचं पान बाबांना उघडू द्या. कुठे अडतं ते तिथेच कळेल.

एवढं झालं तर परतीच्या गाडीत बसल्यावर ‘दादा, प्रिंट निघत नाहीये’ असा फोन येण्याची शक्यता बरीच कमी!