दोन किलोबाइटांतलं जग

सुपर मारिओतला आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप ही एकच आकृती आहे. ढगाला पांढरा रंग दिला, झुडपाला हिरवा, काम झालं. १९८५ साली निन्टेन्डोत शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी हा खेळ रचला, तेव्हा चित्रं, संगीत, नियम आणि बत्तीस टप्पे एवढा सगळा संसार ४० किलोबाइटांत बसवायचा होता. रोज सकाळी फोनवर 'सुप्रभात' म्हणत येणारा गुलाबाचा फोटोसुद्धा याहून जड असतो. ज्या फॅमिकॉम यंत्रावर तो चालायचा, त्याची कामापुरती स्मृती होती दोन किलोबाइट.

यंत्र दुबळं होतं म्हणून जुने खेळ कल्पक झाले, असं हल्ली सर्रास म्हणतात. रायपुरात बसून गेल्या तीसेक वर्षांकडे पाहिलं की मला हे म्हणणं अर्धवट वाटतं. दुबळं यंत्र आमच्याकडेही होतं, खरं तर जपान्यांपेक्षाही दुबळं. कल्पकता मात्र निन्टेन्डोच्या क्योटोत फुलली, रायपूरच्या तात्यापाऱ्यात नाही.

नव्वदच्या दशकात रायपूर अजून मध्य प्रदेशात होतं. खरा फॅमिकॉम इथल्या घरांत सहसा पोचलाच नाही. पोचल्या त्या त्याच्या नकला. मीडिया, टर्मिनेटर अशी त्यांची नावं. आम्हा मराठी घरांची निम्मी सोयरीक नागपूरला, त्यामुळे लग्नाहून परतणाऱ्या एखाद्या काकाच्या पिशवीतून असं यंत्र यायचं. त्यात घालायच्या चौकोनी डबीला सगळेच 'कॅसेट' म्हणत. कॅसेटवर '९९९९ इन १' असं छापलेलं असे आणि आत निघत मोजके दहा-वीस खेळ, तेच ते, कधी तिसऱ्या टप्प्यापासून, कधी वेगळ्या रंगात. चालली नाही की फुंकर मारायची. फुंकरीने काही होत नसे. काढून पुन्हा बसवल्याने पिना नीट टेकत. पण हे तेव्हा सांगून कोणी ऐकलं नसतं.

आपला टीव्ही सेकंदाला पन्नास वेळा चित्र उमटवणारा, जपानचा साठ वेळा. खेळ साठाच्या हिशेबाने रचलेले. इथल्या टीव्हीसाठी जुळवलेल्या नकली यंत्रांवर ते पन्नासाच्या चालीने चालत, म्हणजे मारिओ जपानी पोरांच्या मारिओपेक्षा सहाव्या हिश्श्याने सावकाश धावायचा. आम्ही ज्याला त्याची मूळ चाल समजलो, ती आपल्या टीव्हीची चाल होती.

त्या यंत्राला एका आडव्या ओळीत आठांपेक्षा जास्त हलत्या आकृती दाखवता येत नसत. नववी आली की कोणीतरी गायब. मग प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी युक्ती काढली: दर चित्राला वेगळी आकृती गाळायची, म्हणजे कायमचं कोणीच नाहीसं होत नाही, सगळे थोडे थोडे लुकलुकतात. 'कॉन्ट्रा'त गोळ्यांची गर्दी झाली की पडदा लुकलुकायचा तो यामुळे. आम्हाला वाटे, अडॅप्टर तापला. मे महिन्यात, नवतपाच्या कडक उन्हात, तो खरोखरच तापायचा, त्यामुळे शंकेचं निरसन कधी झालं नाही.

'डक हंट'ची बंदूक तर निव्वळ चलाखी. बंदुकीतून काहीच सुटत नाही. घोडा ओढला की क्षणभर पडदा काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो आणि नळीतला प्रकाश ओळखणारा भाग तो चौकोन दिसला का एवढंच बघतो. दिसला तर बदक मेलं. हे जमायचं ते जुन्या, मागे पोट असलेल्या टीव्हीची रेघ न् रेघ वेळेवर उमटायची म्हणून. आजच्या चपट्या टीव्हीला चित्र दाखवायला किंचित उशीर होतो, आणि त्या किंचित उशिरात ती बंदूक कायमची निकामी झाली. एका यंत्राचा स्वभाव इतका बारकाईने ओळखून बेतलेला खेळ दुसऱ्या यंत्रावर जगत नाही.

स्वभाव ओळखणं, हाच मुद्दा आहे. मियामोतो आणि त्यांचे सोबती यंत्र बनवणाऱ्यांच्याच कंपनीत होते. कुठली तार कुठे जाते, काय करता येतं आणि काय करताना ते गडबडतं, हे त्यांना ठाऊक होतं. आमच्या हाती आली ती बंद डबी. लाईट गेली की पहिल्या टप्प्यापासून सुरुवात, कारण त्या कॅसेटींत खेळ जपून ठेवायची सोय नव्हती. कमतरता आमच्या वाट्याला तेवढीच आली. ती वाकवायचं साधन आलं नाही.

पुढच्या काळात घरातलं यंत्र माळ्यावर गेलं आणि खेळ दुकानात आले. छत्तीसगढ २००० साली वेगळं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत गल्लोगल्ली प्लेस्टेशन २ मांडलेल्या खोल्या निघाल्या. तासाच्या भावाने खेळायचं, खुर्च्या प्लॅस्टिकच्या, डिस्का बहुतेक नकली. तिथे राज्य होतं 'जीटीए सॅन अँड्रियास'चं. २००४ चा हा खेळ. तीन शहरं, मधे वाळवंट, डोंगर, शेतं, आणि हे सगळं ३२ मेगाबाइट स्मृतीच्या यंत्रावर. एवढा मुलूख एका वेळी स्मृतीत मावणं शक्यच नव्हतं; गाडी जसजशी पुढे जाईल तसतसा पुढचा रस्ता डिस्कवरून वाचला जाई आणि मागचा पुसला जाई. दूरचं दाखवता येत नाही म्हणून हवेत धुरकं भरलं. लॉस सँटोस शहरावर नारिंगी, डोंगरात करडं.

या धुरक्याची किंमत सतरा वर्षांनी कळली. २०२१ च्या नोव्हेंबरात त्या खेळाची नवी, झळझळीत आवृत्ती आली. नव्या यंत्रांना दूरचं सहज दाखवता येत होतं, म्हणून धुरकं काढून टाकलं. डोंगरमाथ्यावर उभं राहिलं तर अख्खं राज्य एका नजरेत आलं आणि खेळणाऱ्यांनी कपाळावर हात मारला: एवढंसंच होतं हे? ज्या मुलखात तासन्तास हरवून गेलो, त्याचं एक टोक दुसऱ्या टोकावरून दिसत होतं. नंतर धुरकं परत आणावं लागलं. कोनामीच्या 'सायलेंट हिल'चीही तीच गत. १९९९ साली पहिल्या प्लेस्टेशनला लांबचा रस्ता रंगवता येईना म्हणून गावावर धुकं सोडलं, आणि धुकं हीच त्या मालिकेची भीती ठरली. २०२४ मध्ये दुसऱ्या भागाचा नवा अवतार आला तेव्हा यंत्राला धुक्याची काडीची गरज नव्हती, तरी ते ठेवलं.

आपल्याकडे प्लेस्टेशन २ साठी खेळ बनला तो २००९ मध्ये. हैदराबादच्या ऑरोना कंपनीचा 'हनुमान: बॉय वॉरियर'. त्याच वर्षी हैदराबादच्याच गेमशास्त्राने 'देसी अड्डा' काढला, ज्यात कबड्डी, गिल्ली-दांडू, पतंग असे खेळ होते. पाठोपाठ मुंबईच्या ट्राइनचं गल्ली क्रिकेट आलं. कौतुकाच्या बातम्या आल्या, 'हनुमान'वर धार्मिक आक्षेपाचा वादही झाला. खेळ म्हणून मात्र 'हनुमान' अडखळणारा होता. त्याच यंत्रावर चार वर्षं आधी, २००५ मध्ये, फुमितो उएदा यांच्या चमूने 'शॅडो ऑफ द कोलोसस' केला होता: ओसाड प्रदेश, शत्रू फक्त सोळा, पण एकेक डोंगराएवढा. गर्दी जमत नाही तर गर्दी नकोच, हे ओळखून केलेली रचना. हैदराबादकरांत बुद्धी कमी होती असं मला वाटत नाही. त्यांची आणि यंत्राची गाठ पडली तेव्हा यंत्र नऊ वर्षांचं म्हातारं झालं होतं, आणि पहिल्या भेटीत कोणी मनातलं सांगत नाही.

याचा दाखला रायपूरकराला आपल्याच गावात सापडतो. नाट्यदिग्दर्शक हबीब तन्वीर इथलेच, जन्म १९२३ चा. 'नाचा' या छत्तीसगढी लोकनाट्याचे कलावंत घेऊन त्यांनी नाटकं सुरू केली तेव्हा सुरुवातीला त्यांच्याकडून हिंदी बोलवून घेतली, उभं कुठे राहायचं तेही आखून दिलं. नाटकं अवघडली. मग त्यांनी त्यांना त्यांची बोली आणि त्यांची चाल परत दिली. १९७३ ला रायपुरात नाचा कलावंतांची कार्यशाळा झाली, १९७५ मध्ये 'चरनदास चोर' आलं आणि १९८२ मध्ये ते एडिंबरात पारितोषिक घेऊन आलं. रंगमंचावर सामान जवळपास नव्हतंच. पण सामान कमी म्हणून नाटक चांगलं झालं, असं कोणी म्हणालं तर त्याला ते नाटक कळलंच नाही. नटाला काय येतं आणि काय येत नाही, हे दिग्दर्शकाला उमगायला वर्षं लागली, त्याचं ते फळ.

मराठी मुलखात असं फळ धरलं ते पुण्याला. नॉडिंग हेड्स गेम्स हा अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयन मॉड यांचा छोटा चमू. २०१७ मध्ये त्यांनी लोकांकडून वर्गणी मागून पाहिली, ठरवलेली रक्कम जमली नाही. पुढे एपिक कंपनीचं अनुदान मिळालं आणि १८ ऑगस्ट २०२० रोजी 'राजी: अॅन एन्शंट एपिक' निन्टेन्डो स्विचवर आला, मग ऑक्टोबरात इतर यंत्रांवर. स्विच हे त्या वेळच्या घरगुती यंत्रांतलं सर्वांत कमी ताकदीचं, हातात धरता येणारं, चार गिगाबाइट स्मृतीचं. खेळातला कॅमेरा खेळणाऱ्याच्या हाती नाही; तो कुठून बघेल हे रचनाकारांनी ठरवलेलं. त्यामुळे राजवाड्याची जी बाजू दिसणार तीच घडवायची आणि तीच जीव ओतून घडवायची. गोष्ट पुढे नेणाऱ्या चित्रफिती महाग पडतात, म्हणून देवादिकांच्या कथा छायाबाहुल्यांच्या धाटणीत सांगितल्या. कुडाळजवळच्या पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्या ज्यांनी पाहिल्यात, त्यांना हे परकं वाटणार नाही. खेळ लहान आहे, मारामारी काही ठिकाणी खडबडीत आहे, शेवट तर अर्ध्यावर तोडल्यासारखा. तरी त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये पहिल्या खेळाच्या पारितोषिकासाठी तो नामांकनात होता, आणि माझ्या मते आपल्याकडच्या खेळांत यंत्राशी सलोख्याने वागलेला हा पहिला.

रायपुरात मात्र 'राजी' खेळणारे बोटांवर मोजण्याइतके. कारण तोवर इथलं खेळयंत्र बदललं होतं. २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि खेळाच्या खोल्या एकेक करून मोबाइल दुरुस्तीच्या नाहीतर झेरॉक्सच्या टपऱ्या झाल्या. पोरांच्या हातात दोन-तीन गिगाबाइटांचे फोन. 'पबजी' त्यांवर रडतखडत चालायचा: शंभर खेळाडू, मोठं बेट, अर्ध्या तासाचा डाव. 'फ्री फायर'वाल्यांनी पन्नास खेळाडू, छोटं बेट आणि दहा मिनिटांचा डाव ठेवला. साधे फोन समोर ठेवूनच तो रचला होता, म्हणून २०२२ च्या फेब्रुवारीत सरकारने बंदी घालेपर्यंत तो वस्त्यावस्त्यांत पसरला. चित्रं बघवत नाहीत, पैसे काढायच्या क्लृप्त्या त्याहून वाईट. पण कोणासाठी आणि कशावर बनवतोय याचं भान त्यात पक्कं होतं, हे नाकारता येत नाही.

उलट बाजूला ताकदीचा महापूर. २०२० चं प्लेस्टेशन ५ सेकंदाला साडेपाच गिगाबाइट वाचतं. वाट बघायला लावणारे दरवाजे, लिफ्टी, भिंतीच्या फटीतून अंग चोरत जाणं, ही माहिती स्मृतीत चढवताना वेळ काढायची जुनी सोंगं आता लागत नाहीत. मग कल्पकतेचं काय झालं? एकच हिशेब पाहा. प्लेस्टेशन २ च्या काळात 'जीटीए'चे तीन मोठे खेळ चार वर्षांत आले: २००१, २००२ आणि २००४. पाचवा आला २०१३ मध्ये, आणि सहाव्याची वाट बघण्यात त्यानंतरची दहा वर्षंही उलटून गेली. यंत्राची भिंत पडली तशी माणसांची, पैशांची आणि वेळेची भिंत उभी राहिली. प्रत्येक पान, प्रत्येक सुरकुती कोणीतरी बसून घडवायची असते. इतका पैसा गुंतला की वेगळं काही करून बघायची छाती होत नाही.

म्हणून काहीजण भिंत आपणहून बांधून घेतात. २०१५ मध्ये पिको-८ नावाचं एक काल्पनिक यंत्र निघालं. ते दुकानात नाही, संगणकातच आहे: १२८ बाय १२८ ठिपक्यांचा पडदा, सोळा रंग, कॅसेट ३२ किलोबाइटांची, म्हणजे मारिओपेक्षाही लहान. मॅडी थॉर्सन आणि नोएल बेरी यांनी त्यावर चार दिवसांत डोंगर चढणाऱ्या मुलीचा एक खेळ केला. तोच वाढून २०१८ मध्ये 'सेलेस्ट' झाला आणि जगभर गाजला. इथे बंद डबी नाही. यंत्र कसं चालतं ते सगळं उघडं आहे, तीन दशकांपूर्वी आम्हाला जे मिळालं नाही तेच.

टिक-८० हे त्याच जातीचं दुसरं यंत्र फुकट मिळतं आणि जुन्या लॅपटॉपवर चालतं. रायपूरच्या एनआयटीतल्या, किंवा दहावीच्या सुट्टीत फोन घेऊन बसलेल्या मुलामुलींना माझं एवढंच सांगणं आहे: ते उतरवून घ्या, आणि गेडी, भौंरा, बाटी, फुगडी या आपल्याकडच्या मैदानी खेळांपैकी एक त्यात बसवून बघा. आधी आठवडाभर यंत्राशी नुसती झटापट करा, काय जमत नाही ते वहीत लिहा. खेळ काय करायचा ते त्यानंतर ठरवा.