ठणका, कळ आणि केस फाइल

परळच्या एखाद्या वॉर्डात सकाळच्या ड्युटीला उभे राहा. पहिल्या खाटेवरच्या आजी सांगतात, “सिस्टर, पोटात मुरडा मारतोय गं.” दुसऱ्या खाटेवरच्या काकांच्या जखमेत ठणका लागलाय. तिसऱ्याच्या छातीत जळजळ, चौथ्याच्या पाठीत चमक. बीडहून किंवा सिंधुदुर्गातून नर्सिंग शिकायला आलेल्या मुलीला या चार दुखण्यांतला फरक कुणी समजावून सांगावा लागत नाही. पण नर्सेस नोट्स इंग्रजीत लिहायच्या असतात, आणि तिथे चौघांपुढेही एकच शब्द उमटतो : पेन. तिला नेमके कळलेले असते, ते कागदावर येत नाही.

केईएम आणि वाडिया प्रसूतिगृह १९२६ पासून, टाटा रुग्णालय १९४१ पासून, सगळी याच परळमध्ये. इथे राज्यभरातून रुग्ण येतात, तशा शिकणाऱ्या मुलीही. जीएनएमच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी बारावीला इंग्रजी विषय उत्तीर्ण असावा लागतो. बीएस्सी नर्सिंगच्या २०२१च्या सुधारित अभ्यासक्रमात पहिल्या सत्रात संवादाच्या इंग्रजीसाठी ४० तास आहेत. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला तेवढे पुरत नाहीत.

याचे कारण कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ साली मांडलेल्या एका भेदात सापडते. रोजच्या बोलण्याची भाषा वेगळी आणि अभ्यासाची भाषा वेगळी. स्थलांतरित मुलांच्या अभ्यासात दिसले, की पहिली साधारण दोन वर्षांत येते, दुसरीला पाच ते सात वर्षे लागतात. म्हणजे आधार मिळाला नाही, तर भाषा हाताशी येण्याआधीच कोर्स संपतो. तोंडी परीक्षेत अडखळलेली मुलगी मग ‘कच्ची’ ठरते.

लेखी परीक्षेतही तेच घडते. अमेरिकेत सुझन बोशर यांनी नर्सिंगच्या बहुपर्यायी प्रश्नपत्रिका तपासल्या, तेव्हा परिचर्येच्या ज्ञानाशी संबंध नसलेली गुंतागुंतीची वाक्यरचनाच विद्यार्थ्यांना अडवते, असे आढळले. ‘खालीलपैकी काय करू नये, अपवाद वगळता’ अशा प्रश्नात मुलगी औषध विसरत नाही, वाक्यात हरवते. प्रश्न सरळ लिहिला तर अभ्यासक्रम तसूभरही सोपा होत नाही.

भाषेचा प्रश्न रुग्णाच्या जिवाशीही जोडलेला आहे. फोनवर ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ सारखेच ऐकू येतात. म्हणून आकडा सुटा म्हणायचा, ‘वन फाइव्ह’, आणि ऐकलेली ऑर्डर लिहून घेऊन परत वाचून दाखवायची. न कळलेले पुन्हा विचारणे हा कमीपणा नाही, ही शिस्त आहे. ती पहिल्याच आठवड्यात शिकवावी. विचारल्यावर ओरडा बसतो, असे एकदा मनात बसले की मुलगी विचारणे सोडते, आणि धोका तिथून सुरू होतो.

बाकीचे उपायही वॉर्डातलेच आहेत. मुरडा, ठणका, चमक, भोवळ, ग्लानी यांच्यापुढे इंग्रजी शब्द लिहिलेला तक्ता नर्सिंग स्टेशनवर लावावा. केरळमधून आलेल्या मुलीला तो उलट्या दिशेने उपयोगी पडेल. ड्युटी बदलताना द्यायचा हँडओव्हर रोज दहा मिनिटे मोठ्याने म्हणून घ्यावा. केअर प्लॅन आधी मराठीत बोलून घ्यावा, मग इंग्रजीत लिहायला लावावा.

परिचर्येच्या इतिहासात मुंबईत प्रशिक्षणाला आलेली पहिली भारतीय परिचारिका म्हणून १८९१ साली बाई काशीबाई गणपत यांचे नाव येते. त्यांच्यामागून आलेल्या मुलींना घडवणाऱ्या ट्यूटर आणि सिस्टर इन्चार्ज यांना एवढीच विनंती : मुलीचे इंग्रजी तपासण्याआधी तिला मराठीत विचारा, “पेशंटला नेमकं काय होतंय?” ती उत्तर देईल, त्याला इंग्रजी शब्द मिळवून देणे हे आपले काम आहे.