घास कुणाचा?

'घास' म्हटलं की होस्टेलवाल्याला आधी मेस आठवते. तो विषय नको. मी लिहितोय तो लसूणघास, म्हणजे गाई-म्हशींचा हिरवा चारा. नगर-पुण्याकडे ज्याच्या घरी दूध, त्याच्या विहिरीजवळ दोन-चार गुंठे घास असतोच. आमच्या डहाणू-तलासरीकडे तो हौसेनं लावणारे थोडे, आणि त्यांची पहिली तक्रार ठरलेली: पेरतो आम्ही, खातं दुसरंच कुणीतरी.

माझा रूम पार्टनर चंद्रपूरकडचा. तो म्हणतो, "तुमच्याकडं काय आहे बे? आमच्याकडं ये, चितळांचे कळपच्या कळप शेतात असतात." त्याचं खरं आहे. आमच्या जंगलात भेकर आहे, ससा आहे, रानडुक्कर आहे, पण विदर्भासारखे चितळांचे कळप नाहीत. तरीही दोघांचं पीक मरतं ते एकाच कारणानं. ते कारण समजलं तर उपायही समजतो, म्हणून हा लेखप्रपंच.

लसूणघास एकदा पेरला की तीन-चार वर्षं कापत राहायचं. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा 'आरएल-88' हा वाण त्यासाठीच प्रसिद्ध आहे. पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पहिली कापणी 55 ते 60 दिवसांनी, पुढच्या दर 25 ते 30 दिवसांनी. हे आकडे कुठून आले? वनस्पतीचं मूळ ही बॅटरी समजा. कापल्यावर नवा फुटवा येतो तो मुळात साठवलेल्या अन्नावर. पानं मोठी झाली की ती परत मूळ चार्ज करतात. त्याला तीन-चार आठवडे लागतात. पूर्ण चार्ज झाल्यावर कापा, पीक हसतखेळत उभं राहतं. पण फुटवा आला की लगेच कोणी खुडला, परत आला, परत खुडला, तर डिस्चार्ज चालूच राहतो आणि चार्जिंग होतच नाही. मग दोन-तीन महिन्यांत झाडं विरळ होतात, मोकळ्या जागेत तण आणि अमरवेल शिरते, आणि शेतकरी म्हणतो बियाणं खराब होतं.

म्हणजे घास खाल्ल्यानं मरत नाही. आपण तरी काय करतो, विळ्यानं खातोच की! तो मरतो विश्रांती न मिळाल्यानं. हरीण नेमकं कोवळा शेंडाच निवडतं आणि रोज संध्याकाळी-पहाटे त्याच जागी येतं.

आता थोडं गणित. रवंथ करणारं जनावर दिवसाला आपल्या वजनाच्या साधारण 3 टक्के कोरडा चारा खातं. चितळ 50 किलोचं धरा, म्हणजे दीड किलो. हिरव्या घासात पाचवा हिस्साच कोरडा, बाकी पाणी. म्हणजे साडेसात किलो हिरवा घास. दहा चितळं आली तर 75 किलो. एका गुंठ्यातून एका कापणीला 100 किलोच्या आसपास घास निघतो. म्हणजे कळपानं दुसरं काही खाल्लं नाही तर महिन्याची कापणी दीड दिवसात साफ! चितळांच्या भागात गुंठाभर घास उघड्यावर लावणं म्हणजे मेसच्या दारात पंगत वाढून ठेवणं आहे. पाच एकर असेल तर तोच कळप फारसा जाणवणार नाही.

आमच्याकडे कळप नाहीत, मग घास का टिकत नाही? कारण भाताची कापणी झाली की गुरं मोकाट सुटतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये माळ पिवळा पडलेला, आणि त्यात तुमचा एवढासा हिरवा तुकडा. मग गाय, शेळी, ससा, भेकर, सगळ्यांना पत्ता एकच.

कोण आलं होतं हे आधी ओळखावं. सशाचा चावा तिरपा आणि ब्लेडनं कापल्यासारखा स्वच्छ असतो. हरणाला (आणि गाईलाही) वरचे पुढचे दात नसतात, त्यामुळे शेंडा ओढून तोडलेला, कडेला चिंध्या झाल्यासारखा दिसतो. गाय की भेकर हे खुरावरून ठरवा. जमीन नांगरल्यासारखी उकरली असेल तर डुक्कर.

नुकसान किती झालं, हे मोजायची युक्ती आपल्या लोकांना आवडेल. तारेच्या जाळीचा मीटरभर लांब-रुंद पिंजरा पिकात उपडा ठेवायचा. तीन आठवड्यांनी पिंजऱ्यातला आणि बाहेरचा एकेक चौरस मीटर कापून वजन करायचं. समजा आत 1 किलो भरला आणि बाहेर 600 ग्रॅम, तर 40 टक्के गेला. पिंजरे तीन-चार तरी हवेत, एका रीडिंगवर ग्राफ काढू नये हे प्रॅक्टिकलला शिकलोच आहोत.

आता कुंपण. बारमाही भक्कम कुंपण परवडत असेल तर उत्तमच. नसेल तर पहिले 60 दिवस तरी राखण हवी, कारण तेव्हा बॅटरी पहिल्यांदा बनत असते. नंतर प्रत्येक कापणीनंतरचे दोन आठवडे महत्त्वाचे. किनाऱ्याकडे जुनी मासेमारीची जाळी लावतात. ती स्वस्त पडते, पण त्यात साप आणि ससेही अडकतात. जुन्या साड्या बांधल्या तर जनावर आठ-पंधरा दिवस बिचकतं, मग सरावतं.

सौर कुंपणाबद्दल मात्र सविस्तर लिहिलं पाहिजे, कारण इथे माणसं मरतात. सौर कुंपणातलं एनर्जायझर काही हजार व्होल्टचा झटका देतं, पण तो सेकंदातून साधारण एकदाच आणि एका मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळ. ऊर्जा ठरावीक मर्यादेत असते. जनावर दचकतं आणि मागे हटतं. याउलट कोणी आकडा टाकून 230 व्होल्ट थेट तारेत सोडले, तर करंट सलग वाहतो. स्नायू आखडतात, हात सुटत नाही. डुकरासाठी लावलेल्या अशा तारेनं विदर्भात वाघ मेले आहेत आणि रात्री शेतावर गेलेले शेतकरीही. तो गुन्हा आहेच. पण गावाकडे "इंजिनिअरिंगला आहेस ना, जरा तार जोडून दे" म्हणणारा काका भेटतोच, तेव्हा त्याला हा फरक समजावून सांगा. सौर कुंपणासाठी वन विभागाच्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अनुदान मिळत आलं आहे, तेही सांगा. कुंपण बसवल्यावर तारेला टेकलेलं गवत कापत राहायचं, नाहीतर करंट तिथूनच जमिनीत जातो. उन्हाळ्यात अर्थिंगच्या सळईजवळ पाणी ओतायचं.

हरणांसाठी मुद्दाम चारा वाढवायचा, हा उलटा प्रकारही आपल्याकडे चालतो. ताडोबात बोटेझरी, नवेगाव (रामदेगी) अशी गावं पुनर्वसन होऊन बाहेर गेली, त्यांच्या शेतांची कुरणं झाली. तिथलं मोठं काम म्हणजे तरोटा उपटणं. तरोटा म्हणजे आपला टाकळा. आपण पावसाळ्यात त्याची भाजी खातो, पण चितळ त्याला तोंड लावत नाही. त्यामुळे ते गवत खात राहतं आणि टाकळा माजतो. कर्जतजवळच्या रेहेकुरीला 1980 पासून काळवीट अभयारण्य आहे, जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं. काळविटाला ती हद्द ठाऊक नाही, त्यामुळे ती आसपासच्या शेतांत चरतात.

विश्रांतीचं हे तत्त्व आमच्या भागाला नवं नाही. डहाणू-तलासरीची गवताची राखीव रानं पावसाळाभर बंद ठेवायची आणि दसऱ्याच्या सुमारास एकदाच कापायची, अशी रीत होती. ते गवत मुंबईच्या तबेल्यांना जायचं. कापणारे मात्र वारली मजूर, आणि मजुरी नावापुरती. 23 मे 1945 ला झरी गावात (आजचा तलासरी तालुका) वारल्यांची परिषद झाली. पुढे 500 पौंड गवत कापण्याला अडीच रुपये मिळावेत म्हणून संप झाला, तो ऐन कापणीच्या ऑक्टोबरात. वेळ टळली की गवताची काडी होते, हे मालकालाही माहीत होतं. 10 ऑक्टोबरला तलवाड्याला गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगड आणि इतर काही जण गेले. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये हा सगळा काळ वाचायला मिळतो. लायब्ररीत असेल तर जरूर वाचा.

परत घासाकडे. आमच्याकडे जून ते सप्टेंबर एवढा पाऊस पडतो की सखल जमिनीत त्याची मुळं कुजतात. म्हणून तीन-चार वर्षांचा हिशेब तिकडे धरू नये. निचऱ्याच्या वरकस जमिनीत, घराजवळ, जंगलाच्या कडेपासून लांब नोव्हेंबरात पेरावा आणि मेअखेरपर्यंत चार-पाच कापण्या घ्याव्यात. बियाण्याला रायझोबियम चोळावं. नुसता ओला घास जनावराला पोटभर घातला तर पोट फुगतं, म्हणून भाताच्या पेंढ्यात मिसळून द्यावा. आमच्या जमिनीला काय मानवेल, हे कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारता येतं. आणि डुकरानं किंवा हरणानं पीक खाल्लंच, तर तीन दिवसांच्या आत वन विभागाकडे अर्ज करून पंचनामा करून घ्यायचा. मोकाट गाईनं खाल्लं असेल तर अर्ज चालत नाही, मालकाच्या दारात जाऊन भांडावं लागतं.