पदवीवर सही कोणाची?

होमिओपॅथीचा वाद आपल्याकडे हमखास गोळ्यांपाशी येऊन अडकतो. त्यांत औषध असते की नुसती साखर? अमेरिकेतल्या ज्या विद्यापीठांनी एकेकाळी ही पद्धत शिकवली, त्यांच्या जुन्या दप्तरात वेगळेच भांडण सापडते. ठराव, पगार, अनुदानाच्या अटी आणि पदवीपत्रावरच्या सह्या. माझे मत विचाराल तर होमिओपॅथी विद्यापीठात शिरली ती अंदाजपत्रकाच्या दाराने आणि बाहेर पडली तीही बरीचशी त्याच दाराने.

सर्वांत रंगतदार प्रकरण मिशिगन विद्यापीठाचे. तिथला कारभार रीजंट नावाच्या निवडून आलेल्या मंडळाकडे. १८५५ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने कायदा केला, की वैद्यक शाखेत होमिओपॅथीचा निदान एक प्राध्यापक नेमलाच पाहिजे. रीजंटांनी कानाडोळा केला. प्रकरण कोर्टात गेले, पण कोर्टानेही त्यांच्यावर सक्ती केली नाही. मग १८६७ मध्ये विधिमंडळाने नाक दाबले. कराच्या उत्पन्नातला वाटा हवा ना? मग आधी प्राध्यापक नेमा. रीजंटही काही कमी नव्हते. शाळा काढतो, पण अ‍ॅन आर्बर सोडून दुसऱ्या गावी, अशी शक्कल त्यांनी लढवली. अखेर १८६९ मध्ये पैसे विनाअट मिळाले. त्या मंडळाची छापील इतिवृत्ते वाचताना आपल्याकडच्या एखाद्या सिनेटच्या बैठकीत बसल्यासारखे वाटते. तीच कोपरखळी, तोच ‘विषय पुढील सभेत घ्यावा’चा थाट.

१८७५ मध्ये वर्षाला सहा हजार डॉलरच्या तरतुदीवर अ‍ॅन आर्बरलाच वेगळे होमिओपॅथिक कॉलेज उघडले. प्राध्यापक फक्त दोन. एकाने औषधे शिकवायची, दुसऱ्याने उपचार. शरीररचना, रसायन असले बाकीचे विषय विद्यार्थ्यांनी शेजारच्या नेहमीच्या वैद्यक शाखेत जाऊन शिकायचे. खरी मेख इथेच होती. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या १८४७ च्या आचारसंहितेप्रमाणे अशा पंथीय डॉक्टरांशी सल्लामसलत करणेसुद्धा वर्ज्य. ज्यांच्याशी रोग्याच्या उशाशी बोलायचे नाही, त्यांना वर्गात शिकवायचे? त्यांच्या परीक्षा घ्यायच्या? हा घोळ कित्येक वर्षे चालला. १८८१ मध्ये संघटनेने थेट सह्यांवरच बोट ठेवले. जो विद्यार्थी पुढे असल्या पद्धतीचा धंदा करणार हे ठाऊक आहे, त्याच्या पदवीवर किंवा प्रमाणपत्रावर सही करू नये.

त्याच सुमारास कोलकात्यात जवळजवळ हाच खेळ रंगला होता. महेंद्रलाल सरकार हे कलकत्ता विद्यापीठाचेच एम. डी. (१८६३). १८६७ मध्ये त्यांनी होमिओपॅथीची बाजू घेतली आणि व्यवसायबंधूंनी त्यांना वाळीत टाकले. १८७८ मध्ये विद्यापीठाच्या वैद्यक विद्याशाखेत त्यांचे नाव येताच तिथले डॉक्टर सभासद त्यांच्यासोबत बसायला तयार होईनात. आक्षेप त्यांच्या खुर्चीला होता, रोगी बरे होतात की नाही हा मुद्दा बाजूलाच राहिला.

अमेरिकेत होमिओपॅथीला ओहोटी लागली ती प्रयोगशाळांच्या खर्चाने. अब्राहम फ्लेक्सनरच्या वैद्यकीय शिक्षणावरच्या १९१० च्या अहवालात होमिओपॅथिक कॉलेजांची संख्या १९०० मधल्या २२ वरून १५ वर आलेली दिसते. पूर्णवेळ शिक्षक, सुसज्ज प्रयोगशाळा, देणग्यांचा भक्कम पाया या कसोट्यांवर ती टिकेनात. अर्थात पुष्कळशी साधी कॉलेजेही टिकली नाहीत, हे विसरू नये. मिशिगनचे कॉलेज १९२२ मध्ये मुख्य वैद्यक शाखेत विलीन झाले. डीन विल्बर्ट हिन्सडेल यांनी मग पुरातत्त्वाची वाट धरली आणि १९३१ मध्ये मिशिगनचा पुरातत्त्वीय नकाशासंग्रह काढला. त्यांच्याच कॉलेजचा पदवीधर रॉयल कोपलँड सिनेटर झाला. त्याने पुढे रेटलेल्या १९३८ च्या अन्न-औषध कायद्यात होमिओपॅथिक औषधसंहितेला मान्यता मिळाली. कॉलेज बंद पडून सोळा वर्षे झाल्यावर!

मराठी वाचकाने मात्र फिलाडेल्फियाचे दप्तर पाहावे. कॉन्स्टंटाइन हेरिंग, जेकब जीन्स आणि वॉल्टर विल्यमसन यांनी १८४८ मध्ये तिथे होमिओपॅथिक कॉलेज काढले. पुढे त्याला होमिओपॅथीचा जनक हानेमान याचे नाव मिळाले. त्याच शहरात आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, त्या विमेन्स मेडिकल कॉलेजमधून. ते कॉलेज होमिओपॅथीचे नव्हते, दोघांचा संसार वेगळा. पण विसाव्या शतकाच्या शेवटी दोन्ही संस्था एकत्र झाल्या, त्यांची मालक संस्था १९९८ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि सगळा पसारा ड्रेक्सेल विद्यापीठाच्या पदरात पडला. त्यामुळे केइ ओकामी आणि सबात इस्लामबूली या सहाध्यायिनींसोबतचे आनंदीबाईंचे ते १८८५ चे प्रसिद्ध छायाचित्र आणि हानेमान कॉलेजचे कागद आज एकाच संग्रहात आहेत.

त्याच विद्यापीठात काचेआड एका माणसाची संपूर्ण मज्जासंस्था मांडलेली आहे. हानेमान कॉलेजचे शरीरशास्त्रज्ञ रूफस वीव्हर यांनी १८८८ मध्ये ती तंतू न् तंतू सोडवून काढली. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात तिचे कौतुक झाले. ती हॅरिएट कोल या कृष्णवर्णी स्त्रीची, कॉलेजात साफसफाई करणाऱ्या आणि मरताना देहदान करून गेलेल्या बाईची, अशी कथा पिढ्यान् पिढ्या सांगितली गेली. अलीकडे अभ्यासकांनी जुने कागद धुंडाळले, तेव्हा तिने संमती दिल्याचा पुरावा काही हाती लागला नाही. त्या बाईची सही कुठेच नाही.