आधी बोगदा, मग आभाळ

शिगेरू मियामोतो हे नाव चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या मूल गावच्या पोट्ट्यांना ठाऊक नसेल, पण त्यांनी घडवलेला मिशीवाला मारिओ बहुतेकांनी कधी ना कधी टीव्हीवर उड्या मारताना पाहिलाय. मियामोतोंचा जन्म १९५२ चा, क्योटोजवळच्या सोनोबे गावातला. गावाभोवती डोंगर, रानं आणि गुहा. लहानपणी रानात भटकताना एकदा ते अचानक एका तळ्याच्या काठावर येऊन पोचले. तिथे तळं आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. पुढे एका गुहेत ते कंदील घेऊन शिरले. १९८६ साली निन्तेंदो कंपनीसाठी त्यांनी ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ हा व्हिडिओ गेम केला तेव्हा हे तळं आणि ती गुहा त्यात उतरली, असं त्यांनीच पुढे मुलाखतींमधून सांगितलं. गेम सुरू झाला की एक पोरगा पडद्याच्या मधोमध उभा असतो. हातात तलवार नाही. तीन दिशांना वाटा आणि वरच्या बाजूला गुहेचं काळं तोंड. पुढे काय करायचं ते तुम्हीच ठरवायचं.

ज्या गेममध्ये ठरलेल्या रस्त्याने न जाता वाटेल तिकडे भटकता येतं, त्याला आज ‘ओपन वर्ल्ड’ म्हणतात. असे गेम खेळणाऱ्यांना तलवारबाजी, राक्षस, कथानक यांच्याबद्दल विचारा, अर्धं विसरलेले असतात. पण ते जग पहिल्यांदा समोर उघडलं तो क्षण? तो सगळे हातवारे करकरून सांगतात.

हा क्षण घडतो कसा, हे समजून घ्यायला मूल तालुका चांगला आहे. आमच्याकडे मालगुजारी तलाव आहेत, बोलीत मामा तलाव. पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यात गोंड राजांच्या काळापासून लोकांनी असे शेकडो तलाव आणि बोड्या, म्हणजे छोटी तळी, बांधल्या. मालगुजारी, म्हणजे शेतसारावसुलीची जुनी पद्धत, १९५० च्या कायद्याने गेली, तलाव सरकारजमा झाले, नाव मात्र टिकलं. अशा तलावाकडे धानाच्या बांध्यांमधून चालत गेलं की समोर दिसते ती फक्त पाळ, म्हणजे मातीचा लांबलचक बांध. त्यावर मोह, आंबा, झुडपं. पलीकडचं काही म्हणजे काही दिसत नाही. चढताना नजर पायाखालच्या ढेकळांवर असते. मग शेवटच्या दोन पावलांत, एकाएकी, पाणीच पाणी! कमळाची पानं, त्यांवरून टिपटिप चालणारा कमळपक्षी, दूरवर ढिवरांचा डोंगा, आणि त्यामागे जंगलाची निळसर रेघ. जरा थांबून मागे वळून पाहिलं की दुसरा धक्का बसतो. हे सगळं पाणी आपण आत्ता ज्या बांधीतून आलो तिच्यापेक्षा उंचावर उभं आहे. मधे आहे ती फक्त माती.

पाळ बांधणाऱ्यांना कुणाला थक्क करायचं नव्हतं. त्यांना उतारावरच्या धानाला पाणी हवं होतं. गेम बांधणारे मात्र पाळ मुद्दाम बांधतात.

२००३ साली डॅकर केल्टनर आणि जोनाथन हाइट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विस्मयावर एक निबंध लिहिला. त्यांच्या मते या भावनेला दोन गोष्टी लागतात. एक, समोर काहीतरी अफाट असणं. दोन, ते आपल्या डोक्यातल्या आधीच्या चौकटीत न मावणं, त्यामुळे चौकटच बदलावी लागणं. नुसतं मोठं असून भागत नाही. रोज दिसणारा डोंगर मोठाच असतो, पण त्याच्याकडे पाहून कुणी जागच्या जागी थबकत नाही. आपल्याकडे भरतमुनींनी नाट्यशास्त्रात अद्भुतरसाची कारणं देताना दिव्य जनांचं दर्शन, उपवनात किंवा देवळात जाणं, विमान, माया, इंद्रजाल अशी यादी केली आहे. परिणामही लिहून ठेवले आहेत: डोळे विस्फारणं, पापणी न लवणं, अंगावर रोमांच. एखाद्या गेम कंपनीने ही यादी कामाचा आराखडा म्हणून भिंतीवर लावली तरी चालेल.

आता बोगद्याकडे वळू. २००६ साली आलेला ‘ऑब्लिव्हियन’ हा गेम तुरुंगाच्या कोठडीत सुरू होतो. तिथून गटारं. अंधार, उंदीर, ओल्या भिंती, बराच वेळ तेच. मग एक जाळीचं दार उघडतं आणि समोर सरोवर, पल्याड पांढऱ्या दगडाचे पडके अवशेष, मागे डोंगर. याच मालिकेतल्या २०११ च्या ‘स्कायरिम’ने तीच युक्ती पुन्हा वापरली. जळतं गाव, मग गुहा, मग बर्फाळ दरी आणि डोक्यावरून उडत जाणारा ड्रॅगन. सोबतचा माणूस समोरच्या डोंगरावरचं थडगं बोटाने दाखवतो. त्या बोटाला फार महत्त्व आहे. सिनेमातला डोंगर पाहायचा असतो, हा चढायचा असतो. जे जे दिसतं तिथे जायची मुभा आहे हे कळतं, तेव्हा पोटात खड्डा पडतो. चांगल्या अर्थाने.

अंधाऱ्या बोगद्याला यंत्राच्या बाजूनेही एक कारण आहे. कॉम्प्युटरला प्रत्येक दृश्य सेकंदाला तीस किंवा साठ वेळा नव्याने काढावं लागतं. अरुंद बोगद्यात काढायला फारसं काही नसतं, त्यामुळे बाहेरचं जग मेमरीत आणून ठेवायला उसंत मिळते. बाहेर आल्यावर दिसणारा दूरचा डोंगर ही तर चक्क लबाडी असते. लांबून तो मोजक्या त्रिकोणांचा ओबडधोबड आकार असतो, तुम्ही जवळ जाल तसतशा त्याच्या जागी जास्त बारकाव्याच्या प्रती गुपचूप बसवल्या जातात. दूरच्या वस्तूंवर निळसर धुकं चढवतात. खऱ्या हवेतही लांबचे डोंगर निळेच दिसतात, म्हणून ते डोळ्याला पटतं आणि जगाची कच्ची कडा झाकली जाते. आणि टेकडीमागचं जे दिसत नाही ते यंत्र काढतच नाही. एकाच टेकडीने यंत्राचे कष्ट वाचतात आणि खेळणाऱ्याची उत्सुकता चाळवते. मला या सगळ्या विद्येत हीच गोष्ट सर्वांत देखणी वाटते.

टेकड्यांचा असा हिशेब सर्वांत काटेकोरपणे मांडला तो निन्तेंदोनेच, २०१७ च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये. हाही झेल्डाच. नायक गुहेत झोपेतून उठतो, उजेडाकडे धावत सुटतो. कड्यावर आल्यावर कॅमेरा काही क्षण तुमच्या हातातून काढून घेतला जातो आणि सगळं राज्य नजरेखालून फिरतं: रानं, मधोमध चिरलेला जोडडोंगर, धुमसता ज्वालामुखी, काळ्या सावटात गुरफटलेला किल्ला. मग कॅमेरा परत तुमच्या हातात देतात. पण गंमत पुढेच आहे. तुम्ही उभे असता ते एक उंच पठार. चारी बाजूंना तुटलेले कडे, उडी मारली तर मरण. सगळं दाखवलं, पण खाली उतरायचं साधन चार मंदिरं पार केल्याशिवाय मिळत नाही. तोवर काही तास तुम्ही कड्यावर येऊन खाली बघत राहता. अशी तहान लावणं हे कसबाचं काम आहे.

त्याच वर्षी जपानमधल्या एका परिषदेत या चमूने आपली त्रिकोणाची युक्ती उलगडून सांगितली. आधीच्या चाचण्यांमध्ये माणसं एका मनोऱ्यावरून दुसऱ्या मनोऱ्याकडे सरळ रेषेत जात आणि आपल्याला कुणीतरी हाकतंय असं त्यांना वाटे. मग जमिनीवर तीन मापांचे त्रिकोण पेरले. मोठे म्हणजे दुरून खुणावणारे डोंगर, मधले म्हणजे नजर अडवणाऱ्या टेकड्या, लहान म्हणजे वाटेतले खडक. त्रिकोणापुढे माणसाला दोनच पर्याय: चढून जा किंवा वळसा घाल. वळसा घातला की मागचं काहीतरी नवं हळूहळू उघडत जातं आणि ठरवलेलं काम बाजूला राहतं. दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी क्योटोचे. गेममधली अंतरं ठरवताना त्यांनी आपल्या शहराचा नकाशा त्या जगावर अंथरून पाहिला, म्हणजे अमुक ठिकाणाहून तमुक ठिकाणी चालत जायला किती वेळ लागेल ते पायांच्या आठवणीने कळावं.

सगळे वरच नेतात असंही नाही. २०२२ च्या ‘एल्डन रिंग’मध्ये रानातल्या एका पडक्या वास्तूत पाळणा आहे. तो खाली जातो, जातो, जातच राहतो. इतका की खेळणाऱ्याला शंका येते, काही बिघडलं की काय? आणि पाताळात दिसतं काय, तर ताऱ्यांनी भरलेलं आभाळ.

महाराष्ट्रातलं उदाहरण शोधत पुण्याला जावं लागतं. तिथल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने २०२० साली ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा गेम आणला. मधे लोकवर्गणीचा प्रयत्न फसला होता, तरी श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयन मॉड या संस्थापकांनी काम सोडलं नाही. राजी ही डोंबारकसरती करणारी मुलगी. असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, ती शोधत निघते आणि तिची गोष्ट दुर्गा आणि विष्णू आपसात बोलत सांगतात. हे ओपन वर्ल्ड नव्हे. वाट ठरलेली, आणि कॅमेराही बहुतेक ठिकाणी खेळणाऱ्याच्या हाती नाही. मोठ्या कंपन्या शेकडो माणसं लावून जे खुलं जग उभारतात ते मूठभर लोकांना परवडत नाही. पण कॅमेरा आपल्या ताब्यात असण्याचा फायदा या मंडळींनी पुरेपूर उचलला. राजी सज्जावरून चालत असते आणि कॅमेरा मागे सरकू लागतो. मघाशी पडद्यावर ठसठशीत दिसणारी मुलगी मुंगीएवढी होते, आणि मागे राजस्थानी धाटणीचे महाल, घुमट, देवतांच्या अवाढव्य मूर्ती उभ्या राहतात. भिंतींचे रंग पहाडी लघुचित्रांच्या वळणाचे. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या पुरस्कारासाठी त्याला नामांकन मिळालं. मारामारी काही ठिकाणी अडखळते, गेम लवकर संपतो, या तक्रारी मला मान्य आहेत. पण गोपुरं-घुमट पाहून ‘हे तर आपलं’ असं वाटत असतानाच ते अनोळखी होऊन जाणं, हा अनुभव क्योटोकरांनी आपल्याला दिला नसता.

मूलमध्ये कन्सोल क्वचितच कुणाकडे असेल, फोन सगळ्यांकडे आहे. २०२० मध्येच आलेला चिनी ‘गेनशिन इम्पॅक्ट’ फोनवर फुकट मिळतो, फक्त जागा आणि डेटा भरपूर खातो. त्यातलं पहिलं मोठं शहर, मोंडश्टाट, सरोवराच्या मधोमध वसलेलं आहे. इथेही तळंच!

एक अडचण सगळ्यांनाच आहे. हा क्षण दुसऱ्यांदा येत नाही. चौकट एकदा बदलली की बदलली. म्हणून २०२३ मध्ये ‘टिअर्स ऑफ द किंगडम’ काढताना निन्तेंदोपुढे पेच होता, कारण नकाशा तोच, मागच्या गेममधला. त्यांनी खेळणाऱ्याला ढगांवरच्या बेटांवर नेलं आणि तिथून ओळखीच्या मुलखावर झेप घ्यायला लावली. शिवाय जमिनीला भगदाडं पाडून तळाशी अंधारं पाताळही ठेवलं. हा क्षण एकदाच येतो, म्हणून कुणाला असा गेम दाखवायचाच असेल तर आधी व्हिडिओ दाखवू नका, ‘आता बघ काय होतं’ म्हणू नका. कंट्रोलर हातात द्या आणि गप्प बसा. हे दुसरं फार अवघड जातं.

माझ्या मनात मात्र एक वेगळाच गेम घोळतो. मूलहून चंद्रपूरकडे निघालं की जानाळ्यापासून चिचपल्लीपर्यंत रस्ता जंगलातून जातो. भाद्रपदात सागाची पानं हातभर लांब वाढतात, बांबू दाटतो, डांबरापासून चार पावलांवर उभं जनावर दिसणार नाही. चैत्रात त्याच जागी साग खराट्यासारखा उभा, पानांचा खच जमिनीवर, आणि नजर खोलवर आरपार जाते. ताडोब्यात वाघ पाहायला लोक उन्हाळ्यात गर्दी करतात त्यामागे पाणवठ्यांइतकंच हेही कारण आहे. म्हणजे आमचा बोगदा आणि आमचं आभाळ एकाच ठिकाणी, फक्त महिने वेगळे. एखाद्याने असं जग बांधावं की श्रावणात ज्या टेकडीला वळसा घालून तुम्ही निघून गेलात तिच्यावरचं देऊळ फाल्गुनातच दिसेल, पळस फुलल्यावर. खेळणाऱ्याने ऋतूची वाट पाहावी. पुण्याच्या मंडळींनी मनावर घेतलं तर पाळ, बोडी, जंगल सगळं फिरवून दाखवायला आम्ही तयार आहोत. डास मात्र पदरचे धरावे लागतील.